दोन जॉइंट, दहा वर्षं

गेल्या वीकांताला आमच्या नेहमीच्या अड्ड्यावर एका मित्राने एक किस्सा सांगितला. तो मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला एमएस करून आला आहे, त्यामुळे तिथल्या गोष्टी सांगायचा हक्क त्याच्याकडेच. किस्सा असा: गांजाच्या फक्त दोन कांड्या एका पोलिसाला दिल्या म्हणून एका माणसाला दहा वर्षं सक्तमजुरी झाली. मग १९७१ साली जॉन लेननने अ‍ॅन आर्बरला येऊन त्याच्यावर एक गाणं म्हटलं आणि तीन दिवसांत तो माणूस सुटला. बास. सगळ्यांनी 'क्या बात है' केलं आणि चहाचा पुढचा राउंड मागवला.

मला मात्र हे पचेना. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक खोड असते. सर्व्हर रिस्टार्ट केला आणि बग गेला, म्हणजे रिस्टार्टमुळेच गेला असं आम्ही मानत नाही. (मॅनेजर मानतो, ते सोडा.) आधी लॉग उघडायचे, कुठली गोष्ट किती वाजता झाली ते बघायचं आणि मग बोलायचं. तर मी घरी येऊन लॉग उघडले. गोष्ट खोटी नाही. पण जी आहे ती किस्स्यापेक्षा बरीच मोठी आहे.

माणसाचं नाव जॉन सिंक्लेअर. जन्म १९४१, फ्लिंट, मिशिगन. कवी आणि जॅझवर लिहिणारा. १९६४ साली डेट्रॉइटमध्ये त्याने आणि मित्रांनी मिळून 'आर्टिस्ट्स वर्कशॉप' काढलं. कविता, जॅझ, छापखाना आणि अर्थातच गांजा, असा सगळा कारभार. गांजासाठी त्याला त्याआधी दोनदा शिक्षा झालेली होती आणि गांजा कायदेशीर करा म्हणून तो उघडपणे प्रचारही करायचा. म्हणजे पोलिसांच्या दृष्टीने हा एकदम सोपा मासा. १९६६ च्या शेवटी दोन साध्या वेशातले पोलीस, एक पुरुष आणि एक बाई, या मंडळींत येऊन मिसळले. चांगले काही आठवडे येत-जात राहिले. २२ डिसेंबरला सिंक्लेअरने त्या बाईला दोन जॉइंट दिले. विकले नाहीत, दिले. जानेवारी १९६७ मध्ये मोठी धाड पडली, ५६ लोक पकडले, त्यात हाही.

कायदा काय होता ते बघा. मिशिगनमध्ये गांजा तेव्हा 'नार्कोटिक', म्हणजे हेरॉइनच्याच रांगेत. जवळ बाळगल्यास दहा वर्षांपर्यंत, विकल्यास किमान वीस वर्षं. किमान! खटला अडीच वर्षं रेंगाळला आणि जुलै १९६९ मध्ये न्यायाधीशाने साडेनऊ ते दहा वर्षं ठोठावली.

मधल्या काळात सिंक्लेअर एका रॉक बँडचा मॅनेजर झाला होता. एमसी फाइव्ह. हे लोक इतक्या जोरात वाजवायचे की ऐकताना मला आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या डीजेची आठवण झाली, फक्त यांच्याकडे सूर होता. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी युद्धविरोधी तरुण जमले, तेव्हा त्यांच्यासाठी वाजवायला हे गेले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिंक्लेअर आणि मित्रांनी 'व्हाइट पँथर पार्टी' काढली. काळ्यांच्या ब्लॅक पँथर पक्षाला गोऱ्यांचा पाठिंबा हे पहिलं कलम, आणि पुढे रॉक, गांजा, पैशाचं उच्चाटन असा एकूण वात्रट जाहीरनामा. मला तो वाचून हसू आलं. एफबीआयला मात्र अजिबात आलं नाही.

आपल्या डोक्यात हिप्पी म्हटलं की झीनत अमान आणि चिलीम. 'हरे रामा हरे कृष्णा' १९७१ चाच. त्यामुळे हिप्पी म्हणजे घरातून पळालेली, धुरात हरवलेली पोरं, एवढंच आपल्याला माहीत. डेट्रॉइटची ही मंडळी हरवलेली वगैरे नव्हती. त्यांना वियतनाम युद्ध थांबवायचं होतं, पोलिसांशी भांडायचं होतं, छापखाना चालवायचा होता. गांजा हे त्यांचं सोबतचं सामान होतं. आणि सरकारला नेमकं तेच सामान सापडलं, कारण कविता लिहिण्यावर कलम लावता येत नाही, गांजावर येतं.

सिंक्लेअर आत गेल्यावर पुढच्याच महिन्यात वुडस्टॉक झालं. तिथे 'द हू' हा बँड वाजवत असताना अ‍ॅबी हॉफमन नावाचा कार्यकर्ता थेट स्टेजवर चढला आणि माइक धरून सिंक्लेअरबद्दल बोलू लागला. पीट टाउनशेंडने त्याला गिटारने हाणून खाली घालवला. लाखो लोकांचा समुदाय, प्रेम आणि शांती, आणि तुरुंगातल्या माणसाविषयी एक वाक्य ऐकायला वेळ नाही! काउंटरकल्चर काउंटरकल्चर म्हणतो त्यातही तिकीट काढून गाणी ऐकायला आलेले आणि काहीतरी बदलायला आलेले, असे दोन गट होतेच. एमसी फाइव्हनेही लवकरच आपल्या मॅनेजरशी संबंध तोडले.

पुढची दोन वर्षं कोणी विशेष लक्षात ठेवत नाही, कारण त्यात लेनन नाही. सिंक्लेअरची बायको लेनी आणि मित्रमंडळी छोट्या छोट्या मैफली करत होती, पैसे जमवत होती, वकील अर्जांवर अर्ज करत होते. कोर्ट जामीन नाकारत होतं. दरम्यान आणखी एक गोष्ट झाली. गांजा ओढताना पकडली जाणारी पोरं आता विद्यापीठात शिकणारी, मध्यमवर्गीय घरांतली होती. वकिलांची, डॉक्टरांची, आमदारांच्या मतदारांची. शिवाय जुलै १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने मतदानाचं वय अठरावर आलं. डेट्रॉइटच्या काळ्या वस्तीतली पोरं आत जात होती तोवर हा कायदा कोणाला फारसा जाचक वाटला नव्हता, हेही इथेच लिहून टाकतो.

आता ते टाइमस्टॅम्प.

गुरुवार, ९ डिसेंबर १९७१. मिशिगनच्या विधिमंडळाने नवा कायदा मंजूर केला. गांजा बाळगण्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवरून एक वर्षावर आली.

शुक्रवार, १० डिसेंबर. अ‍ॅन आर्बरमधलं क्रिसलर अरीना, विद्यापीठाचं बास्केटबॉलचं स्टेडियम. तिकीट तीन डॉलर, श्रोते पंधरा हजार. (आपल्याकडे तेव्हा बांगलादेशचं युद्ध चालू होतं, खिडक्यांना काळे कागद लावून लोक रेडिओ ऐकत होते.) अ‍ॅलन गिन्सबर्ग, फिल ऑक्स, बॉब सीगर, आर्ची शेप आणि ऐनवेळी आलेला स्टीव्ही वंडर. ब्लॅक पँथरचा बॉबी सील भाषणाला. हॉलमध्ये धूर इतका की वेगळं काही ओढायची गरज नसावी. स्टीव्ही वंडरने एक गाणं श्रोत्यांत बसलेल्या गुप्त पोलिसांना अर्पण केलं. लोक हसले. गंमत म्हणजे ते खरोखरच बसलेले होते. मध्येच सिंक्लेअरचा तुरुंगातून फोन आला आणि तो बायको-मुलीशी बोलताना स्पीकरवर अख्ख्या स्टेडियमला ऐकू आला. मला विचाराल तर रात्रीचा कळस तोच. लेनन आणि योको पहाटे तीनच्या सुमारास आले, चार गाणी, पाऊण तासही नाही, आणि त्यातलं एक सिंक्लेअरवर.

शनिवार-रविवार सुट्टी.

सोमवार, १३ डिसेंबर. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सिंक्लेअरला जामिनावर सोडलं. नव्या कायद्याने एक वर्ष कमाल, आणि हा बाबा जवळपास अडीच वर्षं आत होता. आता ठेवणार तरी कशाच्या आधारावर?

म्हणजे लेननने स्टेजवर पाय ठेवला तेव्हा फिक्स आधीच चेक-इन झालेला होता. मैफल फुकट गेली असं मी म्हणत नाही. पंधरा हजार लोक, देशभर बातम्या, आणि सोमवारी कोर्टात बसणारी माणसं पेपर वाचतातच. पण 'गाणं म्हटलं आणि दार उघडलं' हे काही खरं नाही. लेनीच्या दोन वर्षांवर त्यात सरळ बोळा फिरतो.

९ मार्च १९७२ ला त्याच कोर्टाने सिंक्लेअरची शिक्षाच रद्द केली. गांजाला हेरॉइनच्या रांगेत बसवणंच घटनेला धरून नाही, हे त्यातलं मुख्य कारण. त्याच दिवशी दुसऱ्या एका तरुणाच्या खटल्यात विक्रीची किमान वीस वर्षांची शिक्षा क्रूर ठरवली. जुना कायदा गेला आणि नवा १ एप्रिलपासून लागू होणार, म्हणजे मधले तीन आठवडे मिशिगनमध्ये गांजावर कायदाच नव्हता! १ एप्रिलला विद्यापीठाच्या चौकात पोरं जमली आणि नव्या कायद्याचं स्वागत त्यांनी आपल्या पद्धतीने केलं. तो 'हॅश बॅश' तेव्हापासून दर एप्रिलमध्ये भरतो.

आणखी एक निकाल आहे, जो मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. अ‍ॅन आर्बरमधल्या सीआयएच्या कचेरीवर १९६८ मध्ये झालेल्या बॉम्बस्फोटाचा खटला सिंक्लेअर आणि त्याच्या दोन साथीदारांवर होता. त्यात सरकारने कोर्टाची परवानगी न घेता फोन ऐकले होते हे बाहेर आलं. देशांतर्गत सुरक्षेचं कारण सांगून वॉरंटशिवाय फोन ऐकता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ जून १९७२ ला एकमताने दिला, आठ विरुद्ध शून्य. वॉटरगेटमध्ये चोर पकडले गेले त्यानंतर फक्त दोन दिवसांनी. खटला अर्थातच बारगळला.

आणि लेनन? त्याचं बिल वेगळंच आलं. श्रोत्यांतल्या खबऱ्याने एफबीआयला रिपोर्ट दिला. गाण्याचे शब्द उतरवून घेतले, वर योकोला सूर सांभाळता येत नाही आणि गाणं लेननच्या नेहमीच्या दर्जाचं नाही, असा शेराही मारला. (गाणं मी ऐकलंय. खबऱ्याशी सहमत.) हा प्रयोग यशस्वी झाला म्हणून अशाच मैफली गावोगाव करून तरुणांची मतदार नोंदणी करायची आणि निक्सनला हरवायचं, असा बेत शिजत होता. फेब्रुवारी १९७२ मध्ये सिनेटर स्ट्रॉम थर्मंडने अ‍ॅटर्नी जनरलला लिहिलं की या माणसाला देशाबाहेर काढलं तर बरं. मार्चमध्ये हद्दपारीची कारवाई सुरू. आधार कुठला? १९६८ मध्ये लंडनमध्ये लेननकडे सापडलेला चरस आणि त्याबद्दल भरलेला १५० पौंड दंड!

दौरा झालाच नाही. निक्सन दणदणीत जिंकला. लेनन साडेतीन वर्षं कोर्टात खेटे घालत राहिला आणि जुलै १९७६ मध्ये त्याला ग्रीन कार्ड मिळालं. (आपल्यातले जे रांगेत उभे आहेत त्यांनी उगाच आशा लावून घेऊ नये.) इतिहासकार जॉन वीनरने १९८१ मध्ये या फायली मागितल्या, त्यातली शेवटची दहा पानं हातात पडायला डिसेंबर २००६ उजाडला.

मिशिगनमध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात जनमताने गांजा कायदेशीर झाला. १ डिसेंबर २०१९ ला अ‍ॅन आर्बरमध्ये दुकानं उघडली, तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकांत ७८ वर्षांचा जॉन सिंक्लेअर होता. त्याने जॉइंट विकत घेतले आणि पैसे मोजले. २ एप्रिल २०२४ ला तो डेट्रॉइटमध्ये गेला. मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अरे, पण लेनन आला होता ना?" आला होता बाबा, आला होता.