हाजीर जामीन

१९८३ सालच्या उन्हाळ्यात आमच्या भावकीत बांधावरून काठ्या निघाल्या आणि आबांचा उजवा हात मोडला. मारणारा परका नव्हता. आम्ही पोरं ज्यांना गिरणीवाले काका म्हणायचो, ते. आबा, आमचे अण्णा आणि हे काका एकाच आजोबांचे नातू. आबा थोरले, काका धाकटे, अण्णा मधले.

काका परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल म्हणून त्यांनी वाट बघितली आणि पावसाळ्याच्या तोंडावर बायकापोरं घेऊन गाव गाठलं. त्यांच्या वाट्याची जमीन तोवर आबा कसत होते. सातबाऱ्यावर सगळं सामाईक. कुणाचा बांध कुठं, हे म्हाताऱ्यांच्या डोक्यात. काकांनी आपला तुकडा मागितला, आबांनी बांध दाखवला, काकांना तो दोन हात आत वाटला. तिथून काठ्या.

फौजदारानं काकांना नेलं. गुन्हा जामीनपात्र, म्हणजे जामीन मिळणं हा त्यांचा हक्कच होता. कोर्टानं तो दिलाही. दोन हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. सगळं अडलं ते या शेवटच्या शब्दापाशी. काकांच्या एकट्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. मुंबईचे सोबती त्यांच्यासारखेच घरी बसलेले. गावातले म्हणायचे, भावाभावांच्या भांडणात आपण कशाला पडा? सबजेलमध्ये आठ दिवस गेले. नवव्या दिवशी काकू लेकराला कडेवर घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. बोलल्या काहीच नाहीत.

आई आत चुलीपाशी हळू आवाजात म्हणाली, "पोरीचं लग्न तोंडावर आलंय. दोन हजार भरायची पाळी आली तर आणणार कुठनं?" एकगठ्ठा दोन हजार आमच्या घरात कधीच नसत.

आजीचा नकार याहून जुना होता. ती सुप्याजवळच्या गावची. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, खतं जाळली. ती गोष्ट तिनं आजोबांच्या तोंडून ऐकलेली. त्यानंतर सरकारनं १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा केला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लावला, हे मी पुढं कॉलेजात वाचलं. आजीला कायदा माहीत नव्हता. कागदावर अंगठा उठला की तो पुसत नाही, एवढंच तिला माहीत. आमचे आजोबा मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहिले होते, आणि दावणीची बैलजोडी गेली होती. "पैसं द्यावं, बुडालं तर बुडालं," ती म्हणायची, "पर जामीन राहू नये."

त्यात आबांचा निरोप आला. "त्याला सोडवलंस, तर तुझं-माझं सुतक तुटलं."

त्या रात्री अण्णा कुलकर्ण्यांच्या वाड्यावर गेले. बॅटरी धरायला मी. कुलकर्णी आजोबा मोडी वाचणारे. गावाची जुनी दप्तरं त्यांच्या माळ्यावर. अण्णांनी विचारलं, "आबाचा हात मोडलाय हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग मी याच्यासाठी उभा राहिलो तर खोट्याच्या बाजूनं उभा राहिलो, असं होईल का?"

म्हातारा हसला. म्हणाला, "तू जामीन म्हणजे कागद समजतोस. आमच्या जुन्या कागदांत जामीन म्हणजे माणूस. आणि तो कशाकशाचा, ते त्यात लिहिलेलं असतं. देणं फेडायची हमी घेतो तो मालजामीन. चालचलणुकीची घेतो तो फैलजामीन. आणि बोलावलं की माणूस आणून उभा करतो तो हाजीरजामीन. तुझा बाप मालजामीन होता, म्हणून बैल गेले. कोर्ट तुला हाजीरजामीन मागतंय. त्यानं मारलं की नाही, हे तुला कुणी विचारत नाही. तारखेला तो उभा राहील का, एवढंच विचारतात. त्याचं उत्तर तुझ्याकडं आहे का बघ."

घरी येताना अण्णा एक शब्द बोलले नाहीत.

सकाळी ते आधी आबांच्या दारात गेले. मी मागं उभा. आबा प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसलेले. अण्णा म्हणाले, "आबा, मी त्याला जामीन राहतोय. तुमच्या विरोधात नाही. साक्षीला बोलावलं तर बघितलं तेच सांगीन. तो पळणार नाही, केस चालंल, एवढीच माझी हमी." आबांनी तोंड फिरवलं. वहिनींनी चहा आणला नाही.

मग तलाठ्याकडून सातबारा आणि आठ-अ, वर ऐपतीचा दाखला. सबजेलच्या गजांआडून काका रडायला लागले, शपथा घ्यायला लागले. अण्णांनी थांबवलं. "शपथ नको. तारखेला येशील का, ते सांग."

"येईन दादा. आता जायला मुंबई तरी कुठं राहिलीय?"

अण्णांनी सही केली. कारकुनानं आमच्या रेशनकार्डाच्या मागं शिक्का मारला, हा माणूस एकाला जामीन आहे म्हणून. आई पुढं कित्येक महिने रेशन आणायला जाताना ते कार्ड उलटं धरायची नाही.

पुढच्या वर्षी जे होऊ नये ते झालंच. काका गिरणीतल्या हिशेबाचं काही होतंय का बघायला मुंबईला गेले आणि तारीख चुकली. त्यांच्यावर वॉरंट निघालं, अण्णांना नोटीस आली की जामिनाची रक्कम का वसूल करू नये. वकील म्हणाले, "अर्ज करून मोकळे व्हा. जामीनदाराला तशी सोय आहे. कोर्ट त्याला धरून आणील आणि दुसरा जामीनदार मागेल." अण्णा म्हणाले, "दुसरा असता तर मी कशाला आलो असतो?" त्याच रात्री एसटी धरून ते परळला गेले. दोन दिवस चाळी पालथ्या घातल्या. गिरणीच्या बंद फाटकासमोर काका सापडले. अण्णांनी त्यांना थेट कोर्टात नेलं. वॉरंट रद्द झालं, दोघांनी बोलणी खाल्ली. दोन हजार वाचले, पण बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले दीडशे प्रवासात आणि वकिलात गेले. आबा त्या लग्नाला आले नाहीत.

मोठेपणी मी १९७८ सालचा मोतीराम खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला. भाऊ पुढं आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं, गरिबाला झेपेल अशा अटीवर सोडावं, असं सांगितलं. वाचताना मला ओट्यावर बसलेल्या काकू आठवल्या. भावाकडं सातबारा नसता तर काका किती दिवस आत राहिले असते?

१९८७ साली सरकारी मोजणी झाली. खुणेचे दगड रोवले. बांध आबांनी दाखवला तिथंच निघाला. चूक काकांची होती. काकांनी सगळ्यांसमोर आबांचे पाय धरले, आणि कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. आजी अण्णांना म्हणाली, "बघ, खोट्याला जामीन राहिलास." अण्णा म्हणाले, "खोटा होता, पण तारखेला हजर होता."

त्याच संध्याकाळी आबा चार वर्षांनी आमच्या ओट्यावर आले. त्यांच्या वाकड्या जुळलेल्या हातात कागदात गुंडाळलेलं लुगडं होतं. बहिणीच्या लग्नाचा राहिलेला आहेर.

आईनं चहा ठेवला.