ओव्हेरची वाट आणि शेवटचे चित्र

साहित्य शिकविणाऱ्याला परिणामकारक शेवटाचा मोह असतो. व्हॅन गॉगच्या बाबतीत तो आम्हांला बरीच वर्षे आवरता आला नाही. कलाकृती आणि कलावंताचे चरित्र यांच्या संबंधाविषयी एम.ए.च्या वर्गात बोलताना आम्ही ‘कावळ्यांसह गव्हाचे शेत’ या चित्राची छापील प्रत विद्यार्थ्यांपुढे ठेवीत असू. काळवंडलेले आभाळ, पेटल्यासारखे पिवळे शेत, मध्येच हरवलेली वाट आणि तिच्यावर उडणारे कावळे. हे चित्र पुरे करून चित्रकाराने त्याच शेतात स्वतःवर गोळी झाडली, असे सांगितले की वर्ग निःशब्द होई. एके वर्षी मात्र मागच्या बाकावरून प्रश्न आला : “सर, हा मृत्यू त्या चित्रात आहे, की तो पुढे झाला हे माहीत असल्यामुळे आपल्याला तिथे दिसतो?” त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला उशिरा दिलेला जबाब आहे आणि तो शोधताना आम्हांला सिद्धान्तांच्या पुस्तकांपेक्षा एका गावाच्या इतिहास-भूगोलाची मदत अधिक झाली.

ते गाव म्हणजे ओव्हेर-स्यूर-वाझ. पॅरिसच्या वायव्येस सुमारे तीस किलोमीटरवर, वाझ नदीच्या काठी वसलेले. वाझ ही सेन नदीची उपनदी. एका बाजूला तिचे संथ पात्र, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या शेतांचे पठार आणि यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात लांबट पसरलेली वस्ती. गावाची ही रचना ध्यानात ठेवली पाहिजे, कारण खालची नदी, मधली घरे आणि वरची शेते हे तिन्ही थर पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. चित्रकाराला एकाच दुपारी पाणी, छपरे आणि क्षितिज मिळावे, अशी ही जागा.

तिचा शोध व्हॅन गॉगने लावलेला नाही. 1846 मध्ये वाझच्या खोऱ्यातून रेल्वे धावू लागली आणि पॅरिसच्या चित्रकारांना हे खेडे एका दिवसात जाऊन येण्याजोगे झाले. त्यांतला अग्रणी शार्ल-फ्रांस्वा दोबिन्यी (1817–1878). त्याचे बालपणीचे काही दिवस शेजारच्याच वाल्मोंद्वा गावी दाईच्या घरी गेले होते. 1857 मध्ये त्याने एक सपाट तळाची होडी घेतली, तिच्यावर खोली बांधली, तिचे नाव ‘बोतँ’ ठेवले आणि वाझ व सेन नद्यांवर तो चित्रे काढीत हिंडू लागला. चित्रकाराने नदीकाठी बसून नदी रंगविणे आणि नदीतच राहून काठ रंगविणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात पाणी अगदी डोळ्यांच्या पातळीला येते आणि काठ प्रतिबिंबासह दुहेरी दिसतो. दोबिन्यीच्या चित्रांत हेच घडते. केवळ ‘ठसा’ उमटवून हा चित्रकार थांबतो, अशी तक्रार तेओफील गोतिएने 1861 मध्ये केली होती. पुढे ‘ठसा’ याच शब्दावरून एका चित्रसंप्रदायाचे नाव पडले आणि मोनेनेही तरंगती चित्रशाळा बांधली, हे पाहता ती तक्रार भविष्यवाणीसारखी वाटते. दोबिन्यीने ओव्हेरला घर बांधले. त्याच्या भिंती रंगविण्यात त्याच्या मुलांबरोबर कोरो आणि दोमिए यांचाही हात होता. ते घर आजही पाहता येते.

1872 मध्ये डॉक्टर पोल गाशे यांनी येथे घर घेतले. होमिओपॅथीचे वैद्य, हौशी चित्रकार आणि चित्रकारांचे स्नेही असे हे गृहस्थ. शेजारच्या पोंत्वाझला पिसारो राहत होता. त्याच्या सहवासासाठी सेझान या भागात आला आणि ओव्हेरमध्येच त्याने ‘फाशी गेलेल्याचे घर’ हे चित्र रंगविले. ते 1874 च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात होते. तात्पर्य, व्हॅन गॉग 20 मे 1890 रोजी ओव्हेरच्या स्टेशनवर उतरला, तेव्हा तो कोणत्याही अनाघ्रात निसर्गात आलेला नव्हता. गेली चाळीसएक वर्षे चित्रकारांनी पाहून पाहून ‘पाहण्याजोगे’ केलेल्या गावात तो आला होता. दोबिन्यीविषयी त्याला तरुणपणापासून आदर होता. दोबिन्यीची विधवा पत्नी तेव्हा तेथेच राहत होती आणि तिच्या बागेची त्याने एकाहून अधिक चित्रे काढली.

सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात वर्षभर राहून तो आला होता. पिसारोच्या सल्ल्यावरून भाऊ थिओने त्याला गाशेंच्या देखरेखीखाली ठेवायचे ठरविले. रावू यांच्या खाणावळीत जेवणखाणासह दिवसाला साडेतीन फ्रँक देऊन त्याने माळ्यावरची एक खोली घेतली. ती खोली आज रिकामी ठेवलेली आहे. सुमारे सात चौरस मीटर जागा, छपरात एक लहान खिडकी, बाकी काही नाही. जगातील बहुतेक स्मारके वस्तूंनी भरलेली असतात. हे स्मारक रिकामेपणाचे आहे आणि ते रिकामेपण पाहण्यासाठी दूरदूरहून माणसे येतात.

या सत्तर दिवसांत त्याने सत्तरांहून अधिक चित्रे काढली. ती कोठे उभे राहून काढली, हे दाखविणारे फलक आज गावात लावलेले आहेत. खाणावळीसमोर गावाची कचेरी, थोडे पुढे दगडी पायऱ्या, स्टेशनच्या वरच्या अंगाला जुने चर्च, चर्चच्या मागून चढ चढला की दफनभूमी आणि लगेच गव्हाची शेते. प्रत्येक फलकावर चित्राची प्रतिकृती असते आणि तिच्यामागे प्रत्यक्ष स्थळ. पाहणारा आधी फलक बघतो, मग चर्च बघतो, मग चर्च चित्रासारखे नाही म्हणून किंचित खट्टू होतो. त्या खट्टू होण्यातच शिकण्यासारखे पुष्कळ आहे. चित्रातले चर्च लाटेसारखे हेलावते. खरे चर्च मध्ययुगीन दगडाच्या वजनाने स्वस्थ उभे असते. दोहोंमधले अंतर हेच चित्रकाराचे काम. स्थळदर्शनाचा खरा उपयोग हे अंतर मोजण्यासाठी आहे. आमच्यासारखे अध्यापक मात्र ते अंतर चरित्रातील दुःखाने भरून टाकतात आणि मोकळे होतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कावळ्यांचे चित्र हे शेवटचे, ही समजूत आली कोठून? अर्व्हिंग स्टोनची ‘लस्ट फॉर लाइफ’ ही कादंबरी 1934 ची. माधुरी पुरंदरे यांनी ती मराठीत आणली आणि आमच्या पिढीतील अनेकांना व्हॅन गॉग भेटला तो त्या पुस्तकातून. 1956 मध्ये व्हिन्सेंट मिनेलीने तिच्यावर चित्रपट काढला. त्यात कर्क डग्लसचा व्हॅन गॉग शेतात कावळे रंगवितो आणि पाठोपाठ गोळीचा आवाज ऐकू येतो. दृश्य विलक्षण प्रभावी आहे. आमच्या वर्गातली निःशब्दता खरे तर त्या दृश्याची उसनवारी होती.

कागदपत्रे वेगळे सांगतात. 10 जुलैच्या सुमारास थिओ आणि त्याची पत्नी योहाना यांना लिहिलेल्या पत्रात अस्वस्थ आभाळाखालच्या अफाट शेतांच्या चित्रांचा उल्लेख आहे. कावळ्यांचे चित्र त्यांपैकीच असावे, असे अभ्यासक मानतात. दुःख आणि एकाकीपणा व्यक्त करण्याचा प्रयत्न आपण केला, असे तो त्यात म्हणतो. हे वाक्य सर्वत्र उद्धृत होते. पण या शेतांमध्ये जे निरोगी आणि बळ देणारे आहे तेही आपल्याला दाखवायचे आहे, असा त्याच पत्रातला पुढचा भाग बहुधा गाळला जातो. आम्हीही तो गाळला होता. त्यानंतरच्या दिवसांत त्याने 14 जुलैच्या राष्ट्रीय सणासाठी पताकांनी सजलेली गावकचेरी रंगविली. 23 जुलैच्या पत्रात त्याने दोबिन्यीच्या बागेचे रेखाटन धाडले आणि नव्या रंगांची मागणी केली. 27 जुलैला गोळी आणि 29 च्या पहाटे मृत्यू. म्हणजे कावळे आणि गोळी यांच्यामध्ये दोन आठवड्यांहून अधिक काळाचे, पताकांसह, पुष्कळ काम आहे.

मग शेवटचे चित्र कोणते? थिओचा मेहुणा आंद्रिएस बोंगर याने लिहून ठेवले होते की, त्या दिवशी सकाळी व्हिन्सेंटने ऊन आणि चैतन्य यांनी भरलेले झाडोऱ्याचे चित्र काढले होते. ते ‘झाडांची मुळे’ हे अपुरे राहिलेले चित्र असावे, असे लुई व्हान टिल्बोर्ख आणि बर्ट माएस यांनी 2012 मध्ये साधार मांडले. 2020 च्या टाळेबंदीत वाउटर व्हान डर व्हेन हा अभ्यासक विसाव्या शतकाच्या आरंभीचे एक पोस्टकार्ड न्याहाळीत होता. त्यावर ओव्हेरच्या दोबिन्यी रस्त्याकडेची दरड दिसत होती आणि दरडीतून बाहेर आलेली मुळे चित्रातल्या मुळांशी जुळत होती. ही जागा खाणावळीपासून सुमारे दीडशे मीटरवर आहे. शेतांकडे जाता-येता तो तेथून अनेकदा गेला असणार. चित्रातल्या उजेडावरून तो दुपार कलेपर्यंत काम करीत होता, असेही अनुमान निघते.

एक गोष्ट मोडली की तिच्या जागी दुसरी बसविण्याची घाई होते. सरपणासाठी वारंवार तोडली जाऊनही पुन्हा फुटणारी ही झाडे पाहून ‘जीवनाला चिकटून राहण्याचा अखेरचा प्रयत्न’ असे वाक्य आमच्याही ओठांवर आले होते. ते आम्ही गिळले, कारण तोही पुन्हा शेवटावरून मागे वाचण्याचाच प्रकार. गोळी त्याने स्वतःच झाडली की नाही, असा प्रश्न नाइफे आणि स्मिथ यांनी 2011 च्या चरित्रात उपस्थित केला. बहुतेक अभ्यासकांना तो मान्य नाही. पण तेवढ्यावरूनही कळते की, ज्या मृत्यूच्या आधारे आपण चित्रे वाचतो, तो मृत्यूदेखील वाचावाच लागतो.

ओव्हेरच्या दफनभूमीत दोन साध्या शिळा शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही थडग्यांवर मिळून एकच आयव्हीची वेल पसरली आहे. थिओ 1891 च्या जानेवारीत उट्रेख्टला वारला. त्याचे अवशेष योहानाने 1914 मध्ये येथे आणविले. व्हिन्सेंटची थिओला लिहिलेली पत्रेही तिने त्याच वर्षी प्रसिद्ध केली. दोन भाऊ एकत्र निजले आहेत हे दृश्य आणि दोन भावांची पत्रे हे पुस्तक, दोन्ही एकाच बाईच्या हातून एकाच वर्षी घडली. यात्रेकरू ज्याला नियतीचे दृश्य समजतात, ते एका विधवेने जाणीवपूर्वक केलेले संपादन आहे. यामुळे त्याचे मोल कमी होते असे आम्हांला वाटत नाही. उलट, त्यामागची माया अधिक स्पष्ट होते.

हे सारे मराठीच्या वर्गात कशासाठी? बालकवींचा 1918 मधला रेल्वेखालचा मृत्यू सांगून त्यांच्या कवितेतली उदासीनता ‘समजावून’ देण्याची आपली सवय आठवून पाहावी. अपघात नंतरचा, कविता आधीच्या. तरीही आपण वाचताना क्रम उलटा लावतो आणि तो उलटा लागला आहे हे विद्यार्थ्यांना सांगत नाही.

आता आम्ही वर्गात कावळ्यांच्या चित्राबरोबर पताकांच्या गावकचेरीचे आणि मुळांचेही चित्र ठेवतो. तारखा सांगत नाही. कोणते चित्र शेवटचे, ते विद्यार्थ्यांनाच ठरवायला सांगतो आणि मग नकाशावर नदी, खाणावळ, दरड आणि शेत दाखवितो. वर्ग पूर्वीसारखा निःशब्द होत नाही, वाद घालतो. तो पहिला प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी आज वर्गात नाही. तिला जे उत्तर तेव्हा द्यायला हवे होते, ते “ठाऊक नाही, आपण मिळून तपासू” एवढेच होते.