पिंग, घाट आणि सोलापूर

मागच्या रविवारी जुळे सोलापुरातून भाच्याचा फोन आला. आवाज रडवेला. "मामा, पप्पांनी शंभरचा प्लॅन बदलून तीनशेचा घेतला, तरी गेम अडकतोच. आता पप्पा म्हणतात, नेटचा काही दोष नाही, तुलाच खेळता येत नाही."

शेवटचं वाक्य ऐकून हसू आलं, कारण हेच मी स्वतःबद्दल वीस वर्षांपूर्वी मान्य करून टाकलं होतं. २००३-०४ च्या सुमारास नवी पेठेतल्या एका सायबर कॅफेत आमची टोळी काउंटर-स्ट्राइक खेळायची. कॅफेतल्या कॅफेत, म्हणजे लॅनवर, आम्ही राजे! पण तोच गेम इंटरनेटवरच्या सर्व्हरवर खेळायला गेलो की पाच मिनिटांत मुडदे. "काय बे, मी त्याला आधी मारलो ना!" असं ओरडणारा मित्र आणि "तू मेलास" असं सांगणारा स्क्रीन. शेवटी आम्ही ठरवून टाकलं की बाहेरची पोरं भारी आणि आपण सोलापुरी बिनकामाचे. ते खरं नव्हतं. आम्ही वाईट नव्हतो, लांब होतो. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो समजायला थोडा इतिहास लागतो.

सुरुवात कॉम्प्युटरपासून नको, रेल्वेपासून करू. जीआयपी रेल्वेची गाडी सोलापूरला पोचली १८६० साली. पण तेव्हा मुंबईहून सोलापूरला थेट गाडीत बसून येता येत नव्हतं. मुंबईकडून रूळ खोपोलीपर्यंत होते, वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे १८५८ मध्येच सुरू झालं होतं, आणि मधे होता बोरघाट. तिथे उतरायचं, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचा आणि वर दुसरी गाडी पकडायची. घाटातला लोहमार्ग सुरू झाला १८६३ मध्ये. आता विचार करा, त्या तीन वर्षांत कुणी पुणे-सोलापूर गाडीला आणखी दहा डबे जोडले असते, तर मुंबईचा माणूस सोलापूरला लवकर पोचला असता का? नाही. जास्त माणसं पोचली असती, पण प्रत्येकाला वेळ तेवढाच लागला असता.

भाच्याच्या वडिलांनी नेमके डबे वाढवले होते. शंभर एमबीपीएस, तीनशे एमबीपीएस हे डब्यांचे आकडे. एका वेळी किती माल जातो, ते सांगणारे. गेमला माल फारसा लागतच नाही. "मी डावीकडे वळलो, गोळी झाडली" एवढं सांगायला चिमूटभर डेटा पुरतो. त्याला हवी असते ती लवकर पोचणारी गाडी. हा जाऊन-येऊन लागणारा वेळ म्हणजे पिंग, मोजायचा मिलिसेकंदांत. सेकंदाचा हजारावा भाग.

'पिंग' हे नाव पाणबुडीच्या सोनारवरून आलं. आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते बघायचं. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला, तो नेटवर्कमधला बिघाड शोधायला. पुढे तेच नाव प्रत्येक गेमच्या कोपऱ्यात जाऊन बसलं.

आता त्या कोपऱ्यातले बाकीचे आकडे. काउंटर-स्ट्राइकमध्ये नेट_ग्राफ नावाची कमांड दिली की एक पट्टी दिसायची. त्यात एफपीएस, लेटन्सी, लॉस आणि चोक. एफपीएस म्हणजे तुमचा कॉम्प्युटर सेकंदाला किती चित्रं काढतोय, त्याचा नेटशी संबंध नाही (निम्मी भांडणं इथेच मिटतात!). लॉस म्हणजे वाटेत हरवलेली पाकिटं. चोक म्हणजे सर्व्हरला पाठवायचं होतं, पण ठरवून दिलेल्या वेगाच्या मर्यादेमुळे थांबवून ठेवावं लागलं ते. आणि पट्टीत थेट लिहिलेला नसला तरी सगळ्यात छळणारा आकडा म्हणजे जिटर, पिंगमधली धरसोड. दौंड-सोलापूर मार्गाचा काही भाग कितीतरी वर्षं एकेरी होता. क्रॉसिंगसाठी गाडी कधी थांबायची, कधी नाही. रोज ठरवून अर्धा तास उशीर होणार असेल तर माणूस तसा हिशोब करतो, पण कधी पाच मिनिटं, कधी तासभर असेल तर काय करणार? गेमचंही तसंच. स्थिर ८० पिंगवर हात बसतो, ३० ते २०० नाचणाऱ्या पिंगवर बसत नाही.

हे प्रश्न फक्त आपलेच होते असं नाही. १९९६ च्या जूनमध्ये क्वेक आला आणि लोक तो इंटरनेटवर खेळू लागले. त्याच ऑगस्टमध्ये तो लिहिणाऱ्या जॉन कारमॅकने चक्क कबुली दिली की आपला अंदाज चुकला. त्याने रचना केली होती दोनशे मिलिसेकंदांच्या आतल्या कनेक्शनसाठी, आणि मॉडेमवाल्या जनतेला तीनशेच्या वरच मिळत होते. डिसेंबरात त्याने क्वेकवर्ल्ड आणला. कल्पना साधी होती. सर्व्हरच्या होकाराची वाट बघत बसू नका, खेळाडूला त्याच्या स्क्रीनवर लगेच हलवा, उत्तर आलं की चूक दुरुस्त करा. पळता पळता आपण अचानक मागे खेचले जातो ना, ती हीच दुरुस्ती.

पुढचं पाऊल व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियरने २००१ च्या एका निबंधात मांडलं. तुमची गोळी सर्व्हरवर पोचते तेव्हा सर्व्हर घड्याळ मागे फिरवतो. तुम्ही चाप ओढला त्या क्षणी तुम्हाला समोरचा कुठे दिसत होता ते बघतो आणि मग निकाल देतो. यामुळे लांबच्या खेळाडूला न्याय मिळाला. पण न्याय फुकट नसतो. तुम्ही भिंतीआड पोचलेले असता, सुटलो म्हणून श्वास घेता, आणि तरी मरता. कारण समोरच्याच्या जगात तुम्ही अजून उघड्यावरच होता. आमच्या मित्राचं ओरडणं खोटं नव्हतं आणि स्क्रीनही खोटा नव्हता. दोन खरी उत्तरं होती आणि सर्व्हरला एकच निवडायचं होतं.

पण सॉफ्टवेअर अंतर लपवतं, मिटवत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. रेल्वेने सोलापूर-मुंबई ४५५ किलोमीटर. त्याच वाटेने फायबर धरली तर जाऊन-येऊन साडेचार मिलिसेकंद. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे किमान चाळीसेक. याच्या खाली कुठलाही प्लॅन नेऊ शकत नाही, कितीही पैसे मोजा.

वर आपली वाटही वाकडी होती. दोन भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांमधला डेटासुद्धा परदेशात जाऊन परत यायचा. तो देशातच अदलाबदल व्हावा म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था उभी राहिली. ट्रायने २००६ मध्ये ब्रॉडबँडचे नियम केले तेव्हा निक्सीपर्यंत १२० मिलिसेकंदांच्या आत आणि जमिनीवरच्या मार्गाने परदेशातल्या जवळच्या नाक्यापर्यंत ३५० च्या आत, अशी मर्यादा ठेवली. म्हणजे कारमॅकने ज्या आकड्याला हात टेकले, तो आपल्याकडे दहा वर्षांनी नियमात बसत होता! ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि त्याचा फटका थेट भारतातल्या नेटला बसला. बोरघाट एकच नव्हता तर.

मग हळूहळू सर्व्हरच जवळ आले. २०१६ च्या जूनमध्ये अ‍ॅमेझॉनने मुंबईत क्लाउडचं केंद्र सुरू केलं. व्हॅलोरंटचा मुंबई सर्व्हर २०२० मध्ये आला, त्याआधी आपली पोरं सिंगापूरला खेळत होती. खेळाडू तेच, बोटं तीच, पिंग मात्र उतरला.

असो. भाच्याच्या केसकडे येतो. त्याला सांगितलं, आधी गेमच्या सर्व्हरला नाही, घरातल्या राउटरला पिंग कर. उत्तर आलं: कधी २, कधी ९०. म्हणजे पाकीट घराबाहेर पडायच्या आधीच अडकत होतं. राउटर हॉलमध्ये, हा मागच्या खोलीत, मधे जुन्या बांधणीच्या दोन जाड भिंती. घाट घरातच होता :)

त्याने पंधरा मीटर केबल टाकली. संध्याकाळी आकडा आला ३४, आणि तिथेच थांबला. मी म्हटलं, आता हा फोटो पप्पांना दाखव. तो म्हणाला, "दाखवला. पप्पा म्हणतात, मग शंभरचाच प्लॅन परत घेऊ."

पहिल्याच मॅचमध्ये तो परत हरला, तो भाग वेगळा. पण या वेळी निदान स्वतःच्या चुकीने हरला, आणि ती चूक सुधारता येते.