अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटातील गुणवान कृष्णवर्णीय अभियांत्रिकी विद्यार्थी

अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचा वाटा सुमारे १३ टक्के आहे. अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्यांत मात्र तो ४ ते ५ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. गरीब घरांतले, शाळेत अग्रस्थानी असलेले कृष्णवर्णीय तरुणही महाविद्यालयात मागे पडतात. याचे कारण त्यांच्या कुवतीत किंवा जिद्दीत शोधण्याची प्रवृत्ती जुनी आहे. १९७० च्या दशकापासूनचे अनुभव त्या समजाला छेद देतात.

कलनाचा अडसर

कलन हा विषय ओलांडल्याशिवाय अभियांत्रिकीतील पुढचे बहुतेक विषय घेता येत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत युरी ट्राइसमन यांनी २० कृष्णवर्णीय व २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयी जवळून पाहिल्या. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत प्रेरणा नाही, घरचा पाठिंबा नाही, हे प्राध्यापकांचे अंदाज टिकले नाहीत. ते तासन्‌तास अभ्यास करत, पण एकट्याने. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत व एकमेकांच्या चुका काढत. शाळेत ज्या एकाकी शिस्तीने ही मुले पुढे आली, तीच येथे आड आली. ट्राइसमन यांनी मग उजळणीचे वर्ग न घेता कठीण उदाहरणे गटाने सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांत सहभागी झालेल्यांचे निकाल लक्षणीय सुधारले.

पैसा आणि संशय

पेल अनुदान परत फेडावे लागत नाही, परंतु शिक्षणाचा सगळा खर्च त्यातून क्वचितच भागतो. उरलेल्या रकमेसाठी नोकरी करणाऱ्याला संध्याकाळच्या अभ्यासगटात बसता येत नाही, ही बाब शुल्काच्या आकड्यांत दिसत नाही. क्लॉड स्टील व जोशुआ आरनसन यांनी १९९५ मध्ये मांडले, की आपल्या समाजाविषयीचा हीन समज खरा ठरेल या दडपणानेही परीक्षेतील कामगिरी खालावते. या परिणामाच्या तीव्रतेबद्दल पुढे मतभेद झाले.

संघटित प्रयत्न

पर्ड्यू विद्यापीठात १९७१ मध्ये एडवर्ड बार्नेट व फ्रेड कूपर या विद्यार्थ्यांनी कृष्णवर्णीय अभियंत्यांची संघटना उभारली. तिच्यातूनच १९७५ मध्ये ‘नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्स’ ही देशव्यापी संस्था आकाराला आली. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या मायरहॉफ शिष्यवृत्ती योजनेत आर्थिक साहाय्याबरोबर प्रवेशापूर्वीचे उन्हाळी वर्ग व सामूहिक अभ्यास यांवर भर होता. पहिल्या तुकडीतील १९ विद्यार्थी कृष्णवर्णीय तरुणच होते. पुढे मुलींना व नंतर इतर समाजांतील विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू लागला.