लघु ब्राँझ प्राणिशिल्पे, फ्रेंच

घरातील लेखनमेज, कपाट किंवा शेकोटीवरील फळी यांवर ठेवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडविण्यात आलेली लहान आकाराची ब्राँझशिल्पे. ती घडविणाऱ्या शिल्पकारांना ‘आनिमालिए’ (प्राणिशिल्पकार) म्हणतात. प्रारंभी या संज्ञेत हेटाळणीची छटा होती. कारण तत्कालीन अकादमीच्या प्रतवारीत ऐतिहासिक व पौराणिक मानवाकृतींना अग्रस्थान होते आणि प्राणी हा विषय गौण मानला जाई. शिल्पकृती सामान्य घरात पोहोचविण्याचे श्रेय मुख्यतः या गौण मानलेल्या शाखेकडे जाते; त्याचबरोबर ‘मूळ कलाकृती’ कोणती, हा प्रश्नही तिनेच प्रकर्षाने पुढे आणला.

या शाखेचा प्रवर्तक आंत्वान ल्वी बारी (१७९५–१८७५) हा होय. पॅरिसमधील एका सोनाराचा हा मुलगा. धातुकामाचे शिक्षण त्याला लहानपणीच मिळाले. पुढे चित्रकार दलाक्र्वा याच्यासमवेत तो झार्दँ दे प्लांत या उद्यानातील प्राणिसंग्रहात जाऊन हिंस्र पशूंची रेखाटने करी आणि मृत पशूंच्या शवविच्छेदनावरून त्यांची अस्थि-स्नायुरचना अभ्यासी. १८३१ च्या सालाँ या कलाप्रदर्शनात त्याने सुसरीला फाडणाऱ्या वाघाचे शिल्प मांडले. वाघ आणि लांब मुस्कटाची सुसर (घडियाल) हे दोन्ही प्राणी भारतीय परिसरातील. मात्र बारीने आशिया खंड कधीही पाहिला नव्हता. त्याचा सारा अभ्यास पॅरिसमधलाच होता.

१८३४ मध्ये ड्यूक ऑफ ऑर्लेआँ याने मेजवानीच्या मेजावरील सजावटीसाठी बारीकडून शिल्पसमूह करवून घेतले. त्यांत वाघ, सिंह, अस्वल, रानबैल व सांबरवर्गीय एल्क यांच्या शिकारीची पाच दृश्ये होती. १८३७ च्या सालाँच्या परीक्षकांनी मात्र त्यांस सोनारकामाच्या कोटीतील मानून प्रवेश नाकारला. त्यानंतर १८५० पर्यंत बारीने सालाँमध्ये काहीच मांडले नाही. त्याऐवजी त्याने स्वतःची ओतशाळा चालविली आणि किंमतींसह सूचिपत्रे छापून आपली शिल्पे थेट ग्राहकांना विकण्यास प्रारंभ केला.

या विक्रीस अनुकूल असे तंत्र तेव्हा उपलब्ध होते. मेणाच्या साच्यातील ओतकामात मेणाची प्रतिमा वितळून नष्ट होते. म्हणून प्रत्येक प्रतीसाठी ती नव्याने करावी लागते. वाळूच्या साच्याच्या पद्धतीत प्रथम ब्राँझचाच एक सुट्या भागांचा मूळ नमुना तयार करीत. त्याचे ठसे वाळूत घेऊन हवे तितक्या वेळा भाग ओतता येत. ते जोडून छिन्नी व कानस यांनी पृष्ठभाग सफाईदार करीत आणि उष्णता व रसायने यांच्या साहाय्याने त्यावर हिरवट वा तपकिरी झाक आणीत. आशिल कोलास याच्या आकार-लघुकरण यंत्रामुळे मोठ्या शिल्पाची प्रमाणबद्ध लहान प्रत करणेही सुलभ झाले.

मूळ नमुना हेच या व्यवसायातील खरे भांडवल ठरले. १८४८ मध्ये बारीचे दिवाळे निघाले, तेव्हा त्याचे नमुने धनकोंच्या हाती गेले. एमिल मार्तँ याने १८५७ पर्यंत त्यांवरून शिल्पे ओतून विकली. या काळातील प्रतींवर नाव बारीचे आहे. परंतु ओतकामावर व अखेरच्या हातावर त्याचे नियंत्रण नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर १८७६ मध्ये झालेल्या लिलावात अनेक नमुने बार्बदिएन या ओतशाळेने विकत घेतले व त्यांवरून दीर्घकाळ उत्पादन केले.

प्येअर झ्यूल मेन (१८१०–७९) याने बारीच्या हिंस्र संघर्षाऐवजी घोडे, कुत्रे व गुरे असे परिचित प्राणी निवडले. त्याचे ‘लाकोलाद’ (१८५२) हे दोन अरबी घोड्यांचे शिल्प अतिशय लोकप्रिय झाले. एमान्यूएल फ्रेम्ये (१८२४–१९१०) हा पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील प्राणिरेखाटनाच्या अध्यापनात बारीचा उत्तराधिकारी होता. पुढील पिढीतील रेंब्राँ ब्यूगात्ती (१८८४–१९१६) याने अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात काम करून मेणसाच्याच्या पद्धतीने मर्यादित प्रती काढविल्या.

या शिल्पांची पारख करताना केवळ स्वाक्षरीवर विसंबून चालत नाही. तयार शिल्पावरून पुन्हा साचा घेऊन ओतलेली प्रत, धातू थंड होताना आकुंचन पावत असल्याने, मुळाहून किंचित लहान भरते व तिच्यातील केस, स्नायू इ. तपशील बोथट होतात. बारीने स्वतः काही आरंभीच्या प्रतींवर नावाबरोबर क्रमांकही ठोकले होते. फ्रान्समध्ये १९८१ च्या हुकूमान्वये कलाकृतीच्या प्रतिकृतीवर तसा स्पष्ट व न पुसला जाणारा उल्लेख करणे बंधनकारक झाले.

सालाँने नाकारलेली ती शिकारदृश्ये आज बॉल्टिमोरच्या वॉल्टर्स कला संग्रहालयात आहेत. खुद्द बारीची १८६८ मध्ये फ्रेंच कला-अकादमीवर निवड झाली.