कामाच्या वेळी भुंकणारा तरुण श्वान : कारणे आणि उपाय

गाणगापूर हे क्षेत्र गोमंतकातील दत्तभक्तांना नवे नाही. कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या या क्षेत्री श्रीनृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागलेली असते. दत्तात्रेयांच्या प्रतिमेत पायाशी दिसणारे चार श्वान चार वेदांचे प्रतीक मानले जातात. क्षेत्राबाहेर मात्र तूर आणि ज्वारीचा सपाट मुलूख पसरला आहे आणि तेथे श्वान हा कष्टकरी सोबती आहे. मेंढरांची राखण, शेतावरचा पहारा आणि एके काळी सशामागची धाव ही त्याची कामे. अशा कामाच्या श्वानाविषयी पाळणाऱ्याला सतावणारा एक प्रश्न म्हणजे ऐन कामात भुंकण्याची सवय. ती वर्षा-दीड वर्षाच्या वयात लागते आणि वेळीच हाताळली नाही तर जन्मभर सुटत नाही.

मुका शिकारी आणि बोलका शिकारी

भुंकणे हा दोष की गुण, हे कामावर ठरते. दख्खनच्या पठारावरचा शिकारी श्वान म्हणजे मुधोळ हाउंड. महाराष्ट्रात त्याला ‘कारवान’ म्हणतात, तर लांब रेशमी केसांच्या प्रकाराला ‘पश्मी’ म्हणतात. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने या जातीला आश्रय दिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालोजीराव घोरपडे यांनी या श्वानांची जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिल्याचे सांगितले जाते. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी काढलेल्या श्वानांच्या तिकिटांत या जातीला स्थान दिले. बिदर येथील पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र मुधोळजवळच्या तिम्मापूर येथे आहे. २०१६ मध्ये भारतीय सैन्याने मेरठ येथील आपल्या केंद्रात या जातीचे प्रशिक्षण सुरू केले.

मुधोळ हाउंड वासापेक्षा नजरेवर धावतो. सावज दिसताच तो मूकपणे झेपावतो, कारण आवाजाने सावज आधीच सावध झाले तर त्याचा वेग व्यर्थ जातो. बंदूकधारी शिकाऱ्याबरोबर काम करण्यासाठी युरोपात घडवलेल्या लॅब्राडॉर, स्पॅनियल, पॉइंटर या जातींकडूनही मौनाचीच अपेक्षा असते. ब्रिटनमधील मैदानी स्पर्धांत असा श्वान काम करताना भुंकला किंवा कण्हत कुरकुरत राहिला, तर तो बाद ठरतो. याउलट बीगल किंवा फॉक्सहाउंड माग काढताना सतत आवाज देतात, म्हणून मागून येणाऱ्याला दिशा कळते. जर्मनीत डॅशहंडसारख्या जातींची मागावर आवाज देण्याची परीक्षाच घेतली जाते. सारांश, प्रथम श्वानाची जात आणि त्याच्याकडून अपेक्षित असलेले काम पाहावे, मगच भुंकण्याला दोष म्हणावे.

आज ‘काम’ म्हणजे काय

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार देशात वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे नव्हे, तर पकडणे, हुसकावणे आणि श्वान मागे लावून पाठलाग करणे यांचाही समावेश होतो. ‘श्वानाला सराव हवा म्हणून ससा किंवा काळवीट दिसताच सोडले’ हा बचाव कायद्यापुढे टिकत नाही. भीमाकाठच्या माळाला जे लागू, तेच गोव्यातील रानाला. त्यामुळे शिकारी जातीच्या श्वानाचे आजचे काम म्हणजे कापडी डमी शोधून आणणे, वासावरून वस्तू हुडकणे, कळपाची राखण आणि पहारा.

या कामांतही आवाजाचे नियम वेगवेगळे आहेत. स्फोटके शोधणाऱ्या श्वानाने भुंकू नये, खरवडू नये, केवळ बसून खूण करावी, असे शिकवले जाते. ढिगाऱ्याखाली अडकलेला माणूस सापडताच मात्र श्वानाने भुंकणे हीच खूण असते. कुळागरात माकडे शिरली असता ओरडणारा श्वान आपले कामच करत असतो.

भुंकण्याची मुळे

तरुण श्वान काम करताना भुंकतो त्याची कारणे प्रामुख्याने चार.

पहिले कारण उतावळेपणा. काम सुरू होणार हे कळते, पण आवर घालणे अजून जमत नाही, आणि ती ऊर्जा घशातून बाहेर पडते. दुसरे कारण अडवणूक. दुसरा श्वान धावत असताना याला पट्ट्याने रोखून ठेवले की तो तक्रार करू लागतो. तिसरे कारण गोंधळ किंवा भीती. आज्ञा समजत नसेल, ठिकाण नवे असेल किंवा मोठ्या आवाजाची धास्ती बसली असेल, तरीही श्वान भुंकतो. चौथे कारण रक्तातील कल. काही वाणांत आवाज करण्याची प्रवृत्ती उतरते, म्हणून पिल्लू घेण्यापूर्वी त्याचे आईबाप काम करताना पाहणे हिताचे.

या सर्वांच्या वर एक गोष्ट आहे. भुंकल्यावर जे घडते, ते श्वान शिकतो. तो भुंकला आणि लगेच त्याला डमीमागे सोडले, की त्याच्या दृष्टीने भुंकण्यानेच दार उघडले. असे दहा-वीस वेळा घडले की सवय पक्की होते.

उपाय : पायरीने

१. तपासणी. सवय अचानक लागली असेल तर प्रथम पशुवैद्याला दाखवावे. कानाचा संसर्ग, सांध्याचे दुखणे किंवा पायात रुतलेला काटा यांमुळेही श्वान चिडचिडा होतो.

२. नोंद. आठवडाभर लिहून ठेवावे की श्वान नेमका केव्हा भुंकतो : सोडण्यापूर्वी, धावताना, वस्तू सापडल्यावर, की दुसऱ्या श्वानाचे काम पाहताना. उपाय या उत्तरावर अवलंबून आहे.

३. मागे येणे. ज्या पायरीवर तो शांत राहतो, तेथपर्यंत काम सोपे करावे. इतर श्वान वीस पावलांवर असता भुंकत असेल तर साठ पावलांवर न्यावे. पहिला आवाज निघण्यापूर्वीचा क्षण ओळखणे, म्हणजे ताठलेले कान, थरथरते अंग आणि घशातली बारीक कुरकुर टिपणे, हे हाताळणाऱ्याचे खरे कौशल्य.

४. मौनालाच मोबदला. श्वान भुंकला की काम थांबावे. डमी उचलून घ्यावी, पाठ फिरवावी, एक शब्दही बोलू नये. तो गप्प झाला, श्वास संथ झाला की मगच आज्ञा द्यावी. आरंभी दोन सेकंदांचे मौन पुरे, मग पाच, मग पंधरा.

५. संयमाचे वेगळे धडे. रोज काही वेळ श्वानाला केवळ बसवून ठेवावे. समोर डमी पडू द्यावी आणि बऱ्याचदा ती माणसानेच जाऊन उचलावी. फेकलेली प्रत्येक वस्तू आपलीच नाही, हे कळलेला श्वान आपोआप शांत होतो. चेंडू पुनःपुन्हा फेकण्याचा खेळ या काळात बंद ठेवावा, कारण तो उतावळेपणा वाढवतो.

६. एकावेळी एकच वाढ. अंतर, वेळ किंवा सोबतचे श्वान यांपैकी एकच गोष्ट वाढवावी. तीन वेगवेगळ्या ठिकाणी श्वान शांत राहिला की पुढची पायरी घ्यावी.

कलबुर्गी-बिदर भागात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि गोव्यात दमट हवा दमवते. दोन्हीकडे धडे पहाटे आणि थोडक्यात घ्यावेत. थकलेला व तापलेला श्वान शिकत नाही.

काय टाळावे

ओरडणे टाळावे. श्वानाला ते रागावणे न वाटता आपल्या भुंकण्याला मिळालेली साथ वाटते. मारणे तर सर्वथा वर्ज्य. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार मारहाण व लाथा घालणे हा गुन्हा आहे. शिवाय माराने आवाज तात्पुरता दबला तरी श्वान भित्रा होतो, बोलावल्यावर जवळ येत नाही आणि सापडलेली वस्तू हाती देत नाही. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याचा परिणामही तोच. भुंकणाऱ्या श्वानासोबत दुसरा तरुण श्वान शिकवू नये, कारण ही सवय संगतीने पसरते.

सुधारणा व्हायला आठवडे नव्हे, महिने लागतात, आणि मधूनच सवय उफाळून येते. चिकाटीने प्रयत्न करूनही काही श्वान गप्प होत नाहीत. अशा श्वानाला निकामी समजून रस्त्यावर सोडणे हा अन्याय होय. डमी आणताना नकोसा वाटणारा तोच आवाज कळपाच्या राखणीला, कुळागराच्या पहाऱ्याला किंवा शोध-बचावाच्या कामाला उपयोगी पडतो. श्वानाचा स्वभाव ओळखून त्याला साजेसे काम शोधून देणे ही पाळणाऱ्याचीच जबाबदारी आहे.