अनुलोम आणि प्रतिलोम : दास्यकाळानंतरच्या विवाहदृष्टीचा एक विचार

बारा माशांचा एक तोळा, हे जळगावसारख्या सुवर्णव्यापाराच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या रूढ असलेले जुने परिमाण होय. याच परिमाणातून मराठीत ‘अक्करमाशी’ हा शब्द आला. तोळ्याला एक मासा कमी, म्हणून हीणकस. आणि तोच शब्द दासीच्या वा रखेलीच्या संततीस लावला गेला. कुळाची शुद्धी सोन्याप्रमाणे तोलणारी ही दृष्टी कोठून आली व कितपत पालटली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजी अमलाखाली आला. तत्पूर्वीच्या पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री राजरोस चालत असे. धन्याने कुणबिणीशी ठेवलेल्या संबंधाकडे समाज काणाडोळा करी. त्या संबंधास विवाहाची प्रतिष्ठा मात्र देत नसे. अमेरिकेतील व्हर्जिनियातही हेच दिसते. तेथे १६६२ च्या कायद्याने अपत्याचे दास्य मातेवरून ठरविले, आणि १६९१ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांशी विवाह करणाऱ्या गोऱ्यांस हद्दपारी सांगितली. संबंध चालत असे, विवाह चालत नसे. हे निर्बंध तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द ठरविले.

भारतात १८४३ च्या कायद्याने दास्याची न्यायालयीन मान्यता संपली. पण त्या व्यवस्थेतील दिशेचा नियम विवाहविचारात शिल्लक राहिला. उच्च वर्णाचा पुरुष व कनिष्ठ वर्णाची स्त्री हा अनुलोम. याच्या उलट तो प्रतिलोम. मुंबई उच्च न्यायालयाने १९१२ मध्ये ब्राह्मण स्त्री व शूद्र पुरुष यांचा विवाह अवैध मानला, तर १९२२ मध्ये वैश्य पुरुष व शूद्र स्त्री यांचा विवाह वैध ठरविला. दोन्ही ठिकाणी वर्णभेद होताच. निराळी होती ती दिशा. इंदूरचे तिसरे तुकोजीराव होळकर यांनी १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन युवतीशी विवाह केला, तेव्हा तिला आधी हिंदू धर्मात घेऊन शर्मिष्ठादेवी हे नाव देण्यात आले. वंशभेदही ओलांडता आला, तो स्त्रीला पतीच्या ज्ञातीत सामावून घेता आले म्हणून.

विवाहाचे हे नियम सनातन आहेत, या समजाला धुळ्याशी निगडित असलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांच्या ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या ग्रंथाने मोठा धक्का दिला. ही संस्था कालानुसार बदलत आली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कायद्यातील बदल मात्र मंद गतीने झाला. १८७२ च्या कायद्याखाली विवाह करणाऱ्या हिंदूस आपण हिंदू नसल्याचे जाहीर करावे लागे. १९२३ मध्ये ही अट सैल झाली. १९४९ च्या हिंदू विवाह वैधता कायद्याने जातिभेदाच्या कारणावरून विवाह अवैध मानण्याचे बंद झाले, आणि अनुलोम-प्रतिलोम हा भेद निरर्थक ठरला. ‘आंतरजातीय’ या शब्दात वर-खाली असे काहीच नाही. भाषेतील हे परिवर्तन लहान नव्हे.

तथापि २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच आढळले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार जळगाव वा धुळे येथे विवाह करू इच्छिणाऱ्यांची सूचना ३० दिवस आधी प्रसिद्ध होते. आक्षेपासाठी ठेवलेली ही मुदत घरच्यांच्या दडपणासही वाव देते, आणि ते दडपण बहुधा मुलीवर अधिक येते. कारण जुन्या नियमातील दिशा तिच्याच विवाहाने मोजली जात असे. कायद्याने टाकलेला तो तराजू घराघरांतून अद्याप उतरलेला नाही.